शेतात उरलेला माल, फूड बँक आणि राज्य सरकारचा पैसा: अमेरिकेतल्या योजनांविषयी

माधवी_पेन्सिल्व्हेनिया

नमस्कार. गेली सहा वर्षे मी आमच्या गावातल्या एका पँट्रीत दर शनिवारी धान्य आणि भाजीपाला वाटण्याच्या कामाला जाते. गेल्या ऑक्टोबरात आमच्याकडे सफरचंदांचे तीन मोठे खोके आले. प्रत्येक फळावर गारांच्या माराचे दोन-चार डाग होते, मुगाच्या दाण्याएवढे, तपकिरी आणि जरा खोलगट. रांगेतल्या एका आजींनी फळ उचलून उलटसुलट पाहिले आणि ‘हे दुकानाने टाकून दिलेले आहे का’ असे विचारले. मी त्यांच्यासमोर एक फळ चिरले. डाग सालीपुरता होता आणि आत पांढराशुभ्र, रसाळ गर होता. त्या पिशवीभर घेऊन गेल्या.

ती सफरचंदे दुकानाने टाकलेली नव्हती, कारण ती दुकानापर्यंत गेलीच नव्हती. ती आमच्या राज्याच्या ‘पेन्सिल्व्हेनिया ॲग्रिकल्चरल सरप्लस सिस्टिम’ म्हणजे ‘पास’ या योजनेतून आली होती. या योजनेचा कायदा 2010 मध्ये झाला. शेतकऱ्याने माल दान करावा किंवा अल्प दरात द्यावा, आणि तो काढणे, त्यावर प्रक्रिया करणे, खोक्यांत भरणे आणि वाहून आणणे यासाठी येणारा खर्च राज्याने भरून द्यावा, अशी त्याची रचना आहे. मात्र कायदा झाला तरी पाच वर्षे त्याच्या खात्यात एक डॉलरही नव्हता. पहिली दहा लाख डॉलरची तरतूद 2015-16 च्या अर्थसंकल्पात झाली आणि तेव्हा कुठे माल हलू लागला.

हा धागा काढण्याचे कारण म्हणजे या पाच वर्षांत दडलेली गोष्ट. शेतात माल होता, फूड बँकेसमोर रांगा होत्या आणि कायद्याचा आधारही होता. नव्हते ते मधल्या टप्प्याचे पैसे, आणि तेवढ्यावाचून सगळे अडून राहिले. ‘फुकट जाणारे अन्न गरजूंना द्या’ हे वाक्य आपण सहज बोलतो, पण शेतातला उरलेला माल फुकट नसतो. तो तोडायला मजूर लागतात, भरायला खोके लागतात आणि आणायला थंड ट्रक लागतो. या योजनांनी ठामपणे त्याच गोष्टींचे पैसे द्यावेत, आणि ते दर वर्षी मिळतील अशी खात्री शेतकऱ्याला असावी, असे माझे मत आहे. वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या सभासदांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

नव्या वाचकांसाठी एक खुलासा करते. इथे ‘फूड बँक’ म्हणजे मोठे गोदाम असते, जिथे माल जमा होतो आणि पुढे पाठवला जातो. माणसांच्या हातात तो देणारी जागा म्हणजे ‘पँट्री’, आणि ती बहुतेक वेळा चर्चच्या तळघरात किंवा एखाद्या सामाजिक केंद्रात असते.

अनिरुद्ध_ज

माधवीताई, धागा उत्तम आहे. माझी शंका अगदी प्राथमिक आहे. शेतकरी पीक नांगरून टाकणारच असेल तर ते कोणी येऊन घेऊन गेल्याने त्याचे काय नुकसान होते? दान केल्यावर आयकरात वजावट मिळते असे मी वाचले आहे. शिवाय दान केलेल्या अन्नाने कोणी आजारी पडले तर आपल्यावर दावा होईल, ही भीतीही आता राहिलेली नसावी.

दत्ता_ओहायो

अनिरुद्धजी, भीतीबद्दल तुमचे बरोबर आहे. 1996 च्या बिल इमर्सन कायद्याने सद्भावनेने अन्न दान करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, आणि घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेले गैरवर्तन असल्याशिवाय दात्यावर जबाबदारी येत नाही. सरवा, म्हणजे तोडणीनंतर शेतात उरलेला माल, वेचायला आलेला माणूस शेतात पडला-झडला तर त्याचाही विचार त्या कायद्यात केलेला आहे.

नुकसानीचे मात्र नीट समजून घेऊ या. माझे शेजारी गोड मका आणि कोबी पिकवतात. मी त्यांचा हिशेब ठेवण्याच्या कामात मदत करतो, म्हणून हे जवळून पाहिले आहे. पीक तयार होईपर्यंतचा बियाणे, खत, पाणी हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि तो परत येणार नसतो. काढणीच्या दिवशी शेतकरी एवढेच पाहतो की आजपासून पुढे जो खर्च होईल तो बाजारभावातून निघेल का. एका दिवसात काउंटीतल्या सगळ्यांचा मका तयार झाला की भाव पडतो, आणि तोडणीची मजुरी अधिक खोक्याची किंमत ही विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होते. त्या क्षणी पिकावर डिस्क फिरवणे, म्हणजे ते मातीत मिसळून टाकणे, हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. पुढच्या पिकासाठी रान मोकळे होते आणि सडणाऱ्या कणसांवर कीड पोसली जात नाही. ‘येऊन घेऊन जा’ म्हणण्यासाठी रान चार-सहा दिवस तसेच ठेवावे लागते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच खरा खर्च असतो.

मक्याचे आणखी एक आहे. तोडल्यावरही मक्याचा श्वास चालू असतो आणि तो स्वतःच्या उष्णतेने तापतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका संस्थेने सदिच्छेने स्वयंसेवक आणले आणि सकाळभर मका तोडून साध्या ट्रकमध्ये भरला. दुपारी तीनला मी एका खोक्याच्या मध्यभागी हात घातला तेव्हा तिथे भाकरीच्या टोपलीत असते तशी ऊब होती. अशा मक्यातली साखर संध्याकाळपर्यंत पिठूळ होऊन जाते. चांगल्या शेतावर मका तोडल्याबरोबर थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली धरतात किंवा त्यावर बर्फ ओततात, पण त्या यंत्रणेचे तासाचे भाडे असते. ते भाडे देणारे कोणी नव्हते, म्हणून त्या दिवशी निम्मा माल गोदामाच्या दारातून परत पाठवावा लागला.

आमच्या ओहायोमध्ये राज्यातल्या फूड बँकांच्या संघटनेमार्फत ‘ॲग्रिकल्चरल क्लिअरन्स प्रोग्रॅम’ चालतो. जास्तीचा आणि दुय्यम प्रतीचा माल त्यातून शेतकऱ्यांकडून कमी भावात विकत घेतला जातो. यात शेतकऱ्याला नफा होतो असे नाही, पण तोडणी आणि खोके यांचा खर्च निघतो आणि कधी हातात थोडे उरतेही. तेवढ्यावर तो नांगर थांबवतो.

अनिरुद्ध_ज

समजावून सांगितल्याबद्दल आभार, दत्ताजी. वजावटीचा मुद्दा मात्र राहिला.

दत्ता_ओहायो

वजावट खरी आहे. 2015 च्या कायद्याने अन्नदानावरची वाढीव वजावट कायमची झाली आणि छोट्या शेतकऱ्यालाही लागू झाली. पण वजावट उत्पन्नातून होते. ज्या वर्षी भाव पडतात, म्हणजे ज्या वर्षी माल उरतो, त्याच वर्षी शेतकऱ्याचे करपात्र उत्पन्न जवळजवळ शून्य असते. मग वजा करायचे कशातून? म्हणून काही राज्यांनी करातून थेट सूट दिली आहे. न्यूयॉर्कमध्ये दान केलेल्या मालाच्या बाजारमूल्याच्या 25 टक्के, वर्षाला 5,000 डॉलरच्या मर्यादेत, आणि ओरेगॉनमध्ये 15 टक्के सूट मिळते. ही मदत आहे, पण ती पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर मिळते. मजुराला पैसे शुक्रवारी द्यावे लागतात.

शर्वरी_फ्रेझ्नो

‘मजुराला पैसे शुक्रवारी द्यावे लागतात’ हे दत्ताजींचे वाक्य मी आमच्या बैठकीत वापरणार आहे.

कॅलिफोर्नियाचे चित्र थोडे निराळे आहे, म्हणून लिहिते. इथल्या फूड बँकांच्या राज्यव्यापी संघटनेने 2005 मध्ये ‘फार्म टू फॅमिली’ सुरू केले. सेंट्रल व्हॅलीतल्या आणि सॅलिनासकडच्या मोठ्या उत्पादकांकडे स्वतःची पॅकिंग शेड आणि शीतगृहे असतात. प्रतवारीच्या पट्ट्यावरून जाताना आकाराने लहान, वाकडा किंवा रंगात फिका माल बाजूला काढला जातो, म्हणजे तो शेतातून आधीच आलेला, धुतलेला आणि थंड केलेला असतो. तिथे खर्च उरतो तो फक्त खोक्याचा आणि हाताळणीचा. पौंडामागे काही सेंट दिले की ट्रकच्या ट्रक भरून माल निघतो, आणि एका मोठ्या ट्रकमध्ये चाळीस हजार पौंड मावतात. या योजनेतून वर्षाला काही कोटी पौंड माल हलतो, त्याचे मुख्य कारण ही शेड आहे. करातली सूटही 2017 पासून घाऊक किमतीच्या 15 टक्के झाली आहे.

पण शेडपर्यंत न येणाऱ्या मालाचा प्रश्न इथेही तसाच आहे. सांता क्लारा विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्तर आणि मध्य कॅलिफोर्नियातल्या शेतांत प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा खाण्यायोग्य मालापैकी सुमारे एक तृतीयांश शेतातच राहतो असे आढळले. लेट्यूसच्या शेतात तोडणी होऊन गेल्यावर चालत गेलात तर हे डोळ्यांनी दिसते. कापणारे लोक वाफ्यावरून एकदाच जातात, आणि जो गड्डा त्या दिवशी दोन बोटे लहान असतो तो तसाच राहतो. चार दिवसांनी तो उत्तम होतो, पण त्याच्यासाठी परत माणसे लावणे कोणालाच परवडत नाही. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे कोणतीही योजना पुरेसे देत नाही, आणि माझ्या मते माधवीताईंच्या मुद्द्याचे मर्म तिथेच आहे.

विनायक_दे

चर्चा माहितीपूर्ण आहे. मी थोडा विरोधी सूर लावतो, तो राग न मानता वाचावा.

उपाशी माणसाला हवे ते विकत घेण्याची ताकद द्यावी, की आपल्याकडे जे उरले आहे ते त्याच्या ताटात वाढावे, हा या देशातला जुना वाद आहे. 1933 मध्ये भाव सावरण्यासाठी सरकारने सुमारे साठ लाख डुकराची पिल्ले विकत घेऊन मारली, आणि ब्रेडसाठी रांगा लागलेल्या असताना ती खत आणि चरबीच्या कामी गेली म्हणून लोक संतापले. त्याच वर्षी उरलेला शेतमाल गरजूंपर्यंत नेण्यासाठी ‘फेडरल सरप्लस रिलीफ कॉर्पोरेशन’ निघाले. 1935 च्या कायद्यातल्या कलम 32 ने सीमाशुल्काच्या उत्पन्नातले 30 टक्के शेतमालाच्या बाजाराला आधार देण्यासाठी राखून ठेवले आणि ते कलम आजही चालू आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात पहिली फूड स्टॅम्प योजना सुरू झाली. त्यात नारिंगी तिकिटे विकत घ्यायची आणि त्यांच्यासोबत निळी तिकिटे फुकट मिळायची, पण निळ्या तिकिटांवर सरकारने ‘जास्तीचा’ म्हणून जाहीर केलेला मालच मिळायचा. पुढे 1981 च्या डिसेंबरात अध्यक्ष रेगन यांनी सरकारी गोदामांत साठलेल्या चीजपैकी तीन कोटी पौंड वाटण्याची घोषणा केली. त्यातून 1983 मध्ये आलेल्या कार्यक्रमाच्या नावात ‘तात्पुरता’ हा शब्द होता, आणि 1990 मध्ये तो शब्द काढून टाकावा लागला.

या सगळ्या उदाहरणांत आधी शेतकऱ्याची अडचण सोडवली गेली आणि गरजूची सोय तिच्या मागोमाग झाली. आजच्या राज्य योजनांनाही मी हाच प्रश्न विचारतो. फूड बँकांचे राष्ट्रीय जाळे असलेली ‘फीडिंग अमेरिका’ ही संस्था स्वतःच सांगते की फूड बँकेतून एक जेवण मिळते तेव्हा स्नॅप, म्हणजे आजच्या फूड स्टॅम्पमधून, नऊ जेवणे मिळतात. मग राज्याने आपले मर्यादित पैसे सफरचंदांच्या खोक्यांवर घालावेत की थेट कुटुंबाच्या स्नॅपच्या कार्डावर?

माधवी_पेन्सिल्व्हेनिया

विनायकराव, राग मुळीच नाही. हा प्रश्न यायलाच हवा होता.

कार्डावरचे पैसे हा पहिला आणि मोठा आधार आहे, याबद्दल माझे दुमत नाही. स्नॅप कमी करून त्याजागी असल्या योजना आणायचे कोणी सुचवले तर मी विरोध करीन. पण आमच्या रांगेत जे लोक येतात त्यांतल्या बऱ्याच जणांकडे कार्ड असते आणि ते महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संपलेले असते. काही जणांचे उत्पन्न पात्रतेच्या रेषेच्या थोडे वर असते, त्यांना कार्ड मिळतच नाही. अशा घरात सर्वांत आधी कमी होते ती ताजी भाजी आणि फळे, कारण तेवढ्याच पैशात पास्त्याने पोट जास्त भरते. आमच्याकडे देणगीतून येणाऱ्या डब्यांच्या मालातही ताजे काही नसते. ‘पास’मधून अंडी, मश्रूम, कोबी, सफरचंदे आणि दूध येते, म्हणजे नेमके तेच येते जे घराच्या यादीतून आधी गळते.

शेतकऱ्याची अडचण आधी सुटते हेही खरे आहे, आणि मला त्यात गैर वाटत नाही. जो माणूस चांगला माल स्वतःच्या खर्चाने तोडून देऊ शकत नाही त्याचा खर्च भरून देणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत. तो एका कामाचा मोबदला आहे. माझी चिंता वेगळी आहे आणि ती तुम्ही सांगितलेल्या इतिहासातूनच येते. जास्तीचा माल कोणता, हे सरकारने किंवा शेतकऱ्याने ठरवले आणि पँट्रीला कोणी विचारलेच नाही, तर आमच्याकडे एका आठवड्यात फक्त मुळे येतात. असे एकदा झाले आहे. त्या वेळी मी घरोघरी फोन करून मुळ्याच्या पाककृती सांगत होते, आणि तरीही अर्धे मुळे पिवळे पडले.

मृणाल_गोदाम

मी एका फूड बँकेच्या गोदामात मालाचे नियोजन पाहते. मुळ्याचा किस्सा वाचून लिहावेसे वाटले, कारण आमचे अर्धे काम असे मुळे टाळण्याचे असते.

राष्ट्रीय पातळीवर हा प्रश्न 2005 मध्ये फार वेगळ्या रीतीने सोडवला गेला. त्याआधी माल रांगेप्रमाणे दिला जायचा. ज्या फूड बँकेचा नंबर असेल तिला विचारले जायचे आणि काही तासांत हो की नाही ते सांगावे लागायचे. आयडाहोसारख्या बटाट्याच्या राज्यातल्या फूड बँकेच्या वाट्यालाही बटाटेच येऊ शकत. मग शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीने ‘चॉइस सिस्टिम’ आली. प्रत्येक फूड बँकेला तिच्या भागातल्या गरजेप्रमाणे ‘शेअर’ नावाचे आभासी चलन मिळते आणि ती दिवसातून दोनदा होणाऱ्या लिलावात बोली लावते. यातून एक सत्य उघड झाले. नाश्त्याचे सीरिअल आणि पास्ता यांना चढी बोली लागते, तर ताज्या भाज्यांची बोली बऱ्याचदा शून्याच्या आसपास राहते. नको असलेल्या मालाला उणे बोलीही लागू शकते, म्हणजे तो उचलणाऱ्याला वर शेअर मिळतात.

हे वाचून कोणी म्हणेल की गरिबांना भाजी नको असते. तसे अजिबात नाही. फूड बँकेच्या बोलीत भाजीची स्वतःची किंमत असतेच, पण तिच्यातून वाहतूक, शीतगृहातली जागा, नासाडी आणि वेगळे भरण्याची मजुरी वजा झालेली असते. शेतातून बटाटा किंवा सफरचंद येते ते शेकडो पौंडांच्या खोक्यात. पँट्रीला हव्या असतात तीन किंवा पाच पौंडांच्या पिशव्या. मधे माझ्याकडे एक टेबल, स्वयंसेवकांची रांग आणि वजनकाटा असतो. पावसाळी शनिवारी स्वयंसेवक आले नाहीत की खोका सोमवारपर्यंत तसाच राहतो आणि तळातली फळे दाबून फुटतात. शिवाय माझ्या यादीतल्या कित्येक पँट्रींकडे घरगुती फ्रीजपेक्षा मोठे काहीच नाही. त्यांना मी लेट्यूस गुरुवारी देऊ शकत नाही, कारण वाटप शनिवारी असते.

राज्य योजना मला अधिक उपयोगी वाटतात त्या इथे. बहुतेक ठिकाणी त्या राज्यातल्या फूड बँकांच्या संघटनेकडून चालतात. मिशिगनमध्ये तर ‘मास’ नावाने 1990 पासून हे काम सुरू आहे. अंतर कमी असते, शेतकरी आणि गोदाम यांची ओळख असते, आणि त्यामुळे फोनवर ‘या आठवड्यात निम्मेच पाठवा, आणि पिशव्यांत भरून पाठवा’ असे सांगता येते. पिशवी भरण्याचे पैसे योजनेतून दिले तर शेतकऱ्याच्या शेडमध्ये ते काम यंत्रावर काही मिनिटांत होते. माझ्या टेबलावर त्यालाच अख्खा दिवस जातो. म्हणून ‘पौंडामागे सेंट’ एवढाच हिशेब करणाऱ्या योजनेपेक्षा पिशवीत भरून, थंड करून देण्याचे वेगळे पैसे मोजणारी योजना मला हवी आहे, मग एकूण पौंड थोडे कमी भरले तरी चालतील.

केदार_अल्बनी

दुधाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी भर घालतो. दूध हा असा जास्तीचा माल आहे की ज्याच्यापुढे ‘चार दिवस रान ठेवा’ हा पर्यायही नसतो. गाय दिवसातून दोन-तीनदा पिळावीच लागते. 2020 च्या वसंतात शाळा आणि उपाहारगृहे एकदम बंद झाली, त्यांच्यासाठी लहान खोक्यांत आणि मोठ्या पिशव्यांत दूध भरणारी यंत्रे थांबली, आणि दुकानांसाठी गॅलन भरणारी यंत्रे आधीच पूर्ण क्षमतेने चालू होती. त्यामुळे दुकानात दूध मर्यादित मिळत होते आणि त्याच आठवड्यात शेतांवर ते ओतून दिले जात होते. आमच्या राज्याने त्या एप्रिलात अडीच कोटी डॉलर देऊन ‘नरिश न्यूयॉर्क’ जाहीर केले. फूड बँकांनी त्या पैशातून न्यूयॉर्कमधल्याच उत्पादकांकडून दूध, दही, चीज आणि भाजीपाला घ्यायचा, अशी योजना होती. नोव्हेंबर 2021 मध्ये ती कायद्याने कायम झाली.

यात एक फरक लक्षात घ्यावा. ‘नरिश’मध्ये माल नीट भावाने विकत घेता येतो. तो दुय्यम प्रतीचाच असावा अशी अट नाही. त्यामुळे फूड बँक आधी आपली गरज ठरवते आणि मग उत्पादक शोधते. ओळखीचे एक गोपालक मला म्हणाले की त्यांना खरा फायदा झाला तो चीज करणाऱ्या छोट्या कारखान्याशी करार झाल्यामुळे, कारण जास्तीचे दूध त्या कारखान्यात वळवता येते आणि चीज महिनोन्‌महिने टिकते. माधवीताई, तुमच्याकडे फिलाडेल्फियाच्या फिलाबंडन्स या फूड बँकेने लँकेस्टर भागातल्या जास्तीच्या दुधाचे चीज करवून घेतले होते ना?

माधवी_पेन्सिल्व्हेनिया

होय, केदार. त्या चीजसाठी ‘पास’चे पैसे वापरले गेले. ते चीज काही दुकानांतही विकले जाते आणि त्या विक्रीतला वाटा वाटपाच्या चीजला मिळतो. आमच्या पँट्रीत ते आले की सर्वांत आधी संपते.

पद्मजा_शेनान्डोआ

मी सफरचंदांच्या पट्ट्यात राहते. 2023 मध्ये देशभर सफरचंदे इतकी आली, आणि प्रक्रिया कारखान्यांची शीतगृहे इतकी भरलेली होती, की वेस्ट व्हर्जिनियातल्या बागायतदारांकडून कारखान्यांनी फळे घेतलीच नाहीत. तोडणीच्या तोंडावर हे कळले. त्या वर्षी केंद्राच्या कलम 32 च्या पैशातून, राज्याच्या कृषी खात्यामार्फत, ती फळे बागायतदारांकडून घेऊन भूकनिवारणाचे काम करणाऱ्या संस्थांना देण्यात आली. ट्रक जुळवण्याचे मोठे काम ‘फार्मलिंक’ने केले. महामारीच्या काळात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली ही संस्था आहे. शेजारच्या राज्यांतल्या बागायतदारांना ती सोय नव्हती. राज्याच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच जातीची फळे लगडलेली होती. एका बाजूला शिड्या लागलेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला झाडाखाली फळांचा सडा पडून त्यावर माश्या घोंगावत होत्या. मी दोन्ही बाजूंनी गाडी चालवत गेले आहे.

विनायकराव म्हणतात तो जुना कलम 32 इथे कामाला आला, पण तो आणीबाणीचा उपाय म्हणून, बरीच धावपळ करून. राज्याची कायमची यंत्रणा आधीपासून असती तर ती धावपळ टळली असती.

सरवा वेचणाऱ्या स्वयंसेवकांना मी मनापासून मानते. आमच्या व्हर्जिनियातून काम करणारी ‘सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू’ कित्येक दशके हे काम करते आहे, आणि मी मुलांना घेऊन तिच्यासोबत रताळी वेचायला जाते. पण आम्ही वीस माणसे सकाळभरात जेवढे वेचतो त्यापेक्षा कितीतरी जास्त माल तोडणी करणारी सराईत टोळी तासाभरात काढते. पाचशे एकरांची बाग स्वयंसेवकांच्या भरवशावर सोडता येत नाही.

विनायक_दे

पद्मजाताई आणि मृणाल यांच्या लिखाणानंतर मी माझा आक्षेप थोडा बदलतो. पैसे कार्डावर की खोक्यावर, हा प्रश्न मी मागे घेतो, कारण ताजा माल हलवण्याच्या मधल्या टप्प्याला कार्ड पुरेसे पडत नाही हे पटले.

नवा आक्षेप असा आहे. 2018 च्या फार्म बिलने, म्हणजे शेती आणि अन्न योजनांच्या केंद्रीय कायद्याने, केंद्राकडून राज्यांना ‘फार्म टू फूड बँक’ प्रकल्पांसाठी वर्षाला 40 लाख डॉलर ठेवले, साऱ्या देशासाठी मिळून, आणि राज्यांनी तेवढाच वाटा बिगर-केंद्रीय पैशातून घालायचा अशी अट ठेवली. म्हणजे ज्या राज्यात आधीच संघटना आणि देणगीदार आहेत तेच पुढे सरकणार. त्यानंतर महामारीच्या निधीतून स्थानिक शेतकऱ्यांकडून खरेदीचा मोठा कार्यक्रम आला, लोकांनी त्यावर विसंबून पेरण्या केल्या, आणि मार्च 2025 मध्ये केंद्रीय कृषी खात्याने त्याची पुढची फेरी रद्द केली. ती सुमारे 42 कोटी डॉलरची होती. ज्या शेतकऱ्यांनी रोपे आधीच टाकली होती त्यांचे काय? असे पैसे एक वर्ष येणार आणि पुढच्या वर्षी जाणार असतील, तर शेतकऱ्याला जोडीदार म्हणून बोलावणे प्रामाणिक आहे का?

दत्ता_ओहायो

विनायकराव, तुमच्या या प्रश्नाला माझ्याकडे शेजाऱ्यांच्या वहीशिवाय दुसरे उत्तर नाही.

त्यांचे कोबीचे नियोजन फेब्रुवारीत होते. रोपवाटिकेला किती ट्रे सांगायचे हे त्या आठवड्यात ठरते, आणि राज्याचा अर्थसंकल्प मंजूर होतो जूनच्या अखेरीस. ज्या वर्षी क्लिअरन्स प्रोग्रॅमची तरतूद चालू राहील असा भरवसा असतो, त्या वर्षी ते दोन गोष्टी करतात. शेवटच्या चार ओळींवर दुसरी तोडणी करण्यासाठी टोळीला चार दिवस जास्त थांबवतात, आणि मेणाचा लेप दिलेली खोकी थोडी अधिक मागवतात, कारण ती ऐनवेळी मिळत नाहीत. भरवसा नसतो त्या वर्षी ते यांतले काहीही करत नाहीत. नंतर सप्टेंबरात पैसे आले तरी टोळी दुसऱ्या राज्यात गेलेली असते आणि खोकी नसतात. फूड बँकेचा फोन येतो, शेतात कोबी दिसत असतो, आणि त्यांना नाही म्हणावे लागते.

गेल्या वर्षीच्या पानावर त्यांनी या चार ओळींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. यंदा ते खोडून त्यांनी ट्रेचा आकडा लिहिला आहे, कारण फूड बँकेने फेब्रुवारीतच लेखी कळवले की अर्थसंकल्प काहीही झाला तरी पहिल्या दोन ट्रकचे पैसे आम्ही आमच्या राखीव निधीतून देऊ. राज्याला हे फेब्रुवारीतले पत्र लिहिणे का जमू नये, हे मी पुढच्या महिन्यात आमच्या प्रतिनिधींच्या कार्यालयात जाऊन विचारणार आहे. माधवीताई, ‘पास’च्या कायद्याचा मसुदा आणि पहिल्या तरतुदीची टिपणे तुमच्याकडे असतील तर कृपया निरोपातून पाठवा. मला पंधरा तारखेपर्यंत मिळाली तर पुरे.